तपासणाऱ्याची सही

“तुम्ही फक्त ‘होय’ म्हणायचं, ताई,” गावंडे सर म्हणाले. “एकदा म्हटलं की थांबायचं. माणूस जास्त बोलला की समिती वही काढते.”

“कशाला होय म्हणायचं?”

“ह्याला.” त्यांनी माझ्यापुढे एक निळी फाईल सरकवली. चांगली चार बोटं जाड होती. वर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, ‘माहिती साक्षरता अभ्यासक्रम, ग्रंथालय विभाग’. त्याखाली बाबांचं नाव, आणि नावाच्या आधी पेनानं घातलेलं ‘कै.’

“कव्हर आधीच छापून आलं होतं,” गावंडे सर खाली बघत म्हणाले. “मग तेवढं हातानं केलं.”

बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते. मी पुण्याहून आलेली, एका प्रकाशनात मुद्रितं तपासण्याचं काम करणारी त्यांची एकुलती मुलगी. घर आवरायला थांबले होते. त्या सकाळी नऊ वाजता कॉलेजचा निरोप आला की प्राचार्यांनी बोलावलंय, बाबांचं काम आहे. मला वाटलं, टेबलाच्या खणातल्या वस्तू न्यायच्या असतील.

वऱ्हाडातल्या त्या तालुक्याच्या कॉलेजात बाबा एकोणतीस वर्षं ग्रंथपाल होते. सगळे त्यांना चौखंडे सर म्हणत, पण मुलांमध्ये त्यांचं नाव ‘कशावरून सर’ असं होतं. कोणी काहीही सांगितलं की बाबा शांतपणे विचारत, “कशावरून?” दूधवाला म्हणाला, आज म्हैस कमी दूध देतेय, तरी कशावरून. मला बघायला आलेल्या मुलाचे काका म्हणाले, आमचा मुलगा निर्व्यसनी आहे. बाबांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, कशावरून? ते लग्न जमलं नाही. पुढे मी केलंच नाही. त्याचं खापर बाबांवर फोडणं सोपं होतं, म्हणून बरीच वर्षं फोडलं.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये ते एक तास घेत. वेळापत्रकात त्याला नाव नव्हतं. मुलांनी आठवडाभरात ऐकलेली एक गोष्ट घेऊन यायची, घरी, पानठेल्यावर, पेपरात, कुठेही ऐकलेली. ती खरी की खोटी हे पुस्तकांत शोधायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं. जुन्या उत्तरपत्रिकांतली कोरी पानं कापून बाबा चिठ्ठ्या करत. त्यावर त्यांच्या हातच्या ओळी असत: ऐकलेलं काय. कोणाकडून. कोणतं पुस्तक, कोणतं पान. पुस्तक काय म्हणतं. आणि सगळ्यांत शेवटी, तपासणारा. दुसऱ्या एका मुलानं तेच पान उघडून, वाचून, मग तिथे सही करायची. चिठ्ठी त्याच पानात ठेवून द्यायची, म्हणजे पुढच्याला सापडेल.

न वाचता सही केलेली सापडली तर तीन शनिवार कपाटं पुसायची. “खोटं बोलणारा परवडला,” बाबा म्हणत. “त्याला निदान खरं काय ते माहीत असतं. न बघता सही करणाऱ्याला काहीच माहीत नसतं.”

तर आता ह्या तासाची फाईल झाली होती.

“तुम्हाला कल्पना नाही,” गावंडे सर सांगत होते. ते भूगोलाचे, पण वर्षभर भूगोल सोडून मूल्यांकनाचं काम बघत होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. “कॉलेजला श्रेणी देणारी समिती आज येतेय, ती म्हणते, पुरावा दाखवा. चौखंडे सरांनी एवढी वर्षं तास घेतला, पण एक हजेरीपत्रक नाही, एक फोटो नाही, अभ्यासक्रम नाही, समारोप नाही. पाहुणे नाहीत, ताई. पाहुण्यांशिवाय उपक्रम कसा सिद्ध करायचा? मग आम्ही सगळं उभं केलं.”

मी फाईल चाळली. तीस तासांचा अभ्यासक्रम होता. उद्दिष्टं होती. सहासष्टाव्या पानावर लिहिलं होतं की या अभ्यासक्रमाच्या अखेरीस सागरी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला किनाऱ्यावरील नोंदींचे स्रोत हाताळता येतील.

“आपल्याकडे सागरी जीवशास्त्र आहे?”

“ते कुठल्यातरी कॉलेजच्या साईटवरून घेताना राहून गेलं असेल.” त्यांनी वाकून पाहिलं. “असू द्या. सहासष्टाव्या पानापर्यंत कोणी जात नाही.”

तेवढ्यात प्राचार्य पुंडकर आले. नव्या कोटाच्या बाहीवरचा कंपनीचा पट्टा काढायचा राहिला होता.

“हेमाताई, सरांची कमी भरून येणार नाही,” ते म्हणाले, आणि त्याच दमात, “हॉलचं तुम्हाला गावंडेंनी सांगितलं?”

“नाही.”

“संस्थेला तो हॉल हवाय. पोलीस भरतीच्या क्लाससाठी. अध्यक्षांच्या जावयांची अकादमी आहे. मी आत्तापर्यंत थोपवून धरलंय. पण समितीनं या उपक्रमाला चांगलं म्हटलं, तर तिथे सरांच्या नावानं केंद्र करता येईल. मग हॉलला कोणी हात लावत नाही, आणि शनिवारचा तासही चालू राहील. नाही म्हटलं, तर जूनपासून तिथे लांब उडीची तयारी. तुम्हीच ठरवा.”

“मी काय करायचं?”

गावंडे सरांनी हजेरीपत्रकांचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर खाली ‘मार्गदर्शक’ अशी जागा होती आणि ती रिकामी होती.

“तुमचं अक्षर सरांसारखंच आहे,” ते अगदी हळू म्हणाले. “शोकसभेच्या वहीत पाहिलं. म्हणजे, तुम्ही घरच्याच.”

मी पेन घेतलं. आज हे लिहिताना, मी तेव्हा विचारात पडले होते, संतापले होते, असं लिहायला बरं वाटेल. पण मी पेन घेतलं. तो हॉल माझ्या डोळ्यांसमोर होता. तिथे मी स्वतः कॉलेजची तीन वर्षं शनिवारी बसले होते. मनाशी म्हटलं, तास तर खरेच झालेत, कागद तेवढा खोटा आहे. ना. ब. चौखंडे. ना. ब. चौखंडे. ‘खं’च्या डोक्यावर बाबा टिंबाऐवजी बारीक रेघ देत, तीसुद्धा दिली. अकरा सह्या झाल्या.

बारावं पत्रक होतं १४ फेब्रुवारी, शनिवारचं. विषय: मिळालेल्या माहितीची विश्वासार्हता कशी तपासावी. उपस्थिती बेचाळीस.

१४ फेब्रुवारीला बाबा नागपूरला दवाखान्यात होते. नाकात नळी होती आणि हात बांधून ठेवले होते, कारण ते ती नळी काढत.

त्यांचा आजार जानेवारीत निघाला. पहिल्यांदा नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. मी तोंड धुऊन आत गेले आणि म्हटलं, “बाबा, रिपोर्ट चांगला आहे. काळजीचं काही नाही.”

“कशावरून?” बाबांनी विचारलं.

“डॉक्टर म्हणाले.”

पुढचे प्रश्न मला पाठ होते. कोणते डॉक्टर, नेमकं काय म्हणाले, कागद दाखव. मी उत्तरं तयार करत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरं.” मग म्हणाले, “तू पड जरा. दोन दिवस बसून आहेस.” माझ्या आठवणीत त्यांनी पान नंबर न विचारता मान्य केलेली ती एकच गोष्ट. चार दिवसांनी घरी आणलं, दोन शनिवार ते कॉलेजातही गेले. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली होती, की माझं खोटं पचलं.

“ताई, आणखी एकोणीस आहेत,” गावंडे सर म्हणाले.

“बाकीच्या नंतर करते,” मी म्हटलं.

“चालेल. पहिल्या अकरा वर ठेवतो. समिती वरचंच बघते.”

साडेअकराला समिती ग्रंथालयात आली. तिघं जण होते. दोन गृहस्थ आणि धारवाडकडच्या एक वयस्क बाई, मराठी नीट बोलणाऱ्या. गृहस्थांपैकी एक लगेच अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचू लागले. दुसऱ्यांना काजू फार आवडत असावेत.

हॉलच्या मध्यभागी एक मोठा फ्लेक्स उभा होता. त्यावर कॉलेजचं नाव, ‘स्थापना १९५८’ आणि बाबांचा हसरा फोटो होता. तो कोणाच्या तरी लग्नातला असणार. शेजारच्या माणसाला कापून टाकलं होतं, पण त्याचा हात बाबांच्या खांद्यावर राहून गेला होता. त्या हाताचा माणूस कोण, ते मला आजही माहीत नाही. खिडकीतून वारा आला की फ्लेक्स पुढे झुकायचा आणि मागे शेषरावांनी लावलेल्या कशाला तरी टेकून परत उभा राहायचा. शेषराव ग्रंथालय परिचर होते, बाबांबरोबरच नोकरीला लागलेले. त्या दिवशी त्यांना नवी टोपी घातली होती आणि बोलायचं नाही असं बजावलं होतं.

प्राचार्य बोलले. चौखंडे सरांनी शेवटच्या श्वासापर्यंत हा अभ्यासक्रम शिकवला, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला. गावंडे सरांनी टाळ्या सुरू केल्या.

बाईंनी फाईल उघडली. वरची पानं पाहिली. मग, कोणालाच अपेक्षा नव्हती ते केलं. त्यांनी मधलं पान उघडलं.

“सर कधी वारले?”

“दोन मार्चला, मॅडम,” प्राचार्य म्हणाले.

“आजारी होते?”

“थोडेसे.”

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही त्यांची मुलगी. इथल्या विद्यार्थिनीही होता म्हणे. हे असं सगळं होत होतं का?”

गावंडे सर माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या ओठांवर तो शब्द तयार होता. मला फक्त तो उचलायचा होता.

“नाही,” मी म्हटलं.

काजू खाणं थांबलं.

“चौदा फेब्रुवारीला बाबा दवाखान्यात होते. हा अभ्यासक्रम दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा आहे. सहासष्टावं पान बघा. आणि वरच्या अकरा सह्या मी आज सकाळी केल्यात.”

प्राचार्य म्हणाले, “त्या दुःखात आहेत, मॅडम.”

“ते दिसतंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी फाईल मिटली. “म्हणजे असा तास नव्हताच.”

“तास होता. एकोणतीस वर्षं होता. फाईल खोटी आहे, तास खरा आहे.”

बाईंनी चष्मा काढला. “कशावरून?”

त्यांना त्या शब्दाचं काहीच माहीत नव्हतं. पण कोपऱ्यात उभ्या शेषरावांनी टोपी काढून हातात घेतली.

“कोणतंही पुस्तक काढा,” मी म्हटलं. “कुठेतरी चिठ्ठी सापडेल.” आणि चिठ्ठीची सगळी पद्धत सांगितली.

बाईंनी समोरच्या कपाटातून सापांवरचं एक पुस्तक काढलं. पानं फडफडवली. काही नाही. मी ज्ञानकोशाचा खंड काढला. जिल्ह्याचं गॅझेटिअर काढलं. ज्या पुस्तकात एका पानाआड एक चिठ्ठी असायची, ते पुस्तक आता नव्यासारखं मिटत होतं. चौथं, पाचवं, सहावं काढलं. अग्निशामकवाले गृहस्थ म्हणाले, “ठीक आहे, ठीक आहे,” जसं लहान मुलाला म्हणतात तसं.

“चिठ्ठ्या कुठे गेल्या?” मी विचारलं.

मग शेषराव बोलले.

“त्या मले काढाले लावल्या, ताई. गावंडे सरांनं. आठ रोज काढत होतो.”

“पुस्तकांत कचरा होता,” गावंडे सर कसेबसे म्हणाले. “स्वच्छतेला गुण आहेत.”

मला हसू आलं नाही. आज येतं. वर्षभर खपून त्यांनी ज्या तासाचा खोटा पुरावा तयार केला होता, त्याचा खरा पुरावा त्यांनी स्वतः, गुणांसाठी, झाडून काढला होता.

“जाळल्या?” मी शेषरावांना विचारलं.

“जाळा म्हणे. म्या नाई जाळल्या. सरायच्या हातचं कागद मी काहून जाळू?”

“मग कुठे आहेत?”

शेषरावांनी प्राचार्यांकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे. “तो उभा राहत नव्हता ना. वाऱ्यानं पडे. म्हून मांगं लावले. तीन पोते हायेत.”

मी फ्लेक्सच्या मागे गेले आणि पहिलं पोतं ओढलं. दुसरं ओढल्यावर फ्लेक्स हलला, थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि सावकाश पुढे झोपला. समितीच्या रिकाम्या खुर्च्यांवर, काजूंच्या बशीवर, बाबा हसत पालथे पडले. कोणी उचललं नाही. बाई पोत्याशी खाली बसल्या होत्या, साडीच्या निऱ्या सावरून.

त्यांनी पहिली चिठ्ठी मोठ्यानं वाचली. “ऐकलेलं: मुंगूस एक मुळी खातं म्हणून त्याला विष चढत नाही. कोणाकडून: आजोबा. पुस्तक काय म्हणतं: मुळीचा उल्लेख नाही. तपासणारा: र. स. ढोके.” खाली दुसऱ्या शाईत होतं, “आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्यानं मुंगूस पाहिलं नसेल.” त्याखाली बाबांचं अक्षर: “आजोबांना शनिवारी घेऊन ये.”

“आले होते?” बाईंनी विचारलं.

“आलते,” शेषराव म्हणाले. “दोन तास भांडले. मंग दर शनवारी येत.”

बाई वाचत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी एक चिठ्ठी प्राचार्यांकडे दिली. ती मी नंतर पाहिली. ऐकलेलं: आपलं कॉलेज १९५८ साली स्थापन झालं. कोणाकडून: प्राचार्य, स्वातंत्र्यदिनाचं भाषण. पुस्तक: संस्थेचा पहिला अहवाल, पान दोन. पुस्तक काय म्हणतं: १९६१. तपासणाऱ्या दोन मुली होत्या. कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आदल्याच वर्षी, तीन दिवस, थाटात झाला होता.

समितीला पुढे क्रीडांगण बघायचं होतं. बाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. “त्या अकरा सह्या,” त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळल्या नसत्या.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

कॉलेजला अपेक्षेपेक्षा एक श्रेणी कमी मिळाली. गावात त्याचा दोष बरीच वर्षं माझ्याकडे होता. पण अहवालात एक वाक्य होतं: ग्रंथालयात चिठ्ठ्यांची एक जुनी पद्धत आहे, ती त्याच हॉलमध्ये चालू ठेवावी. अहवालातलं वाक्य म्हटल्यावर अध्यक्षांच्या जावयांचाही इलाज चालला नाही. लांब उडीची तयारी सभागृहात गेली. गावंडे सरांनी चिठ्ठ्या तीन रंगांत छापून घेतल्या आणि त्यांना ‘नमुना क्रमांक सात’ असं नाव दिलं. नवा ग्रंथपाल येईपर्यंत दोन वर्षं शनिवारचा तास शेषरावांनी घेतला. ते सातवी शिकलेले. मी विचारलं, कसं जमतं, तर म्हणाले, “पुस्तक पोट्टे वाचतात, ताई. म्या निस्तं इचारतो, कशावरून.”

ह्याला आता सतरा वर्षं झाली. पण ही कथा मी त्यासाठी सांगायला घेतली नाही.

समिती गेली त्या दुपारी मी आणि शेषराव चिठ्ठ्या पुस्तकांत परत घालायला बसलो. प्रत्येकीवर पुस्तक आणि पान होतं, त्यामुळे काम अवघड नव्हतं, फक्त संपणारं नव्हतं. पाचच्या सुमारास शेषराव चहा आणायला गेले. मी तिसऱ्या पोत्यात हात घातला. वर आलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर कुठल्या मुलाचं नव्हतं. ‘खं’वर टिंबाऐवजी बारीक रेघ होती.

२४ जानेवारी, शनिवार. नाव: ना. ब. चौखंडे.

ऐकलेलं: रिपोर्ट चांगला आहे. काळजीचं काही नाही.

कोणाकडून: हेमा.

कोणतं पुस्तक, कोणतं पान: वैद्यकीय कोश, ४१२.

पुस्तक काय म्हणतं: बहुतेकदा वर्षाच्या आत. (पुस्तक १९८८चं आहे. नवी आवृत्ती पाहावी.)

दवाखान्यातून सुटताना दिलेल्या कार्डावर आजाराचं नाव एका लांब इंग्रजी शब्दात होतं. मी समजले होते, तो शब्द त्यांना कळणार नाही. एकोणतीस वर्षं जो माणूस कोशांच्या कपाटाशेजारी बसला, त्याच्याबद्दल मी असं समजले होते.

शेवटची ओळ रिकामी होती. तपासणारा. त्यांनी कोणा मुलाला सही करायला सांगितलं नव्हतं.

मी उठले. दुसऱ्या कपाटातून वैद्यकीय कोश काढला. जड होता. तो टेबलावर ठेवून चारशे बारावं पान उघडलं आणि पूर्ण वाचलं, वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न गाळता. पुस्तक तेच म्हणत होतं.

मग मी चिठ्ठीवर सही केली, माझ्या स्वतःच्या अक्षरात. चिठ्ठी त्या पानात ठेवली, आणि पुस्तक जागेवर लावलं.